गाळलेल्या पाण्यावरची मोटार

मोटारीला गाळलेलं पाणी पाजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. निपाणीचे भूपालअण्णा. निपाणी ते बेळगाव अशी त्यांची सर्व्हिस मोटार होती, मालक तेच आणि चालवणारेही तेच. मी निपाणीच्या शाळेत मास्तर. घर बेळगावच्या शहापुरात आणि पोट निपाणीत, त्यामुळे दर शनिवारी चारच्या सुमाराला मी त्या मोटारीत बसायचो आणि तवंदीच्या घाटात उतरायचो. उतरायचो म्हणजे उतरावंच लागायचं. चढ अर्धा झाला की मोटारीच्या नाकाडातून वाफ यायला लागे, आत कुणी जात्यावर दगड दळतंय असा आवाज होई आणि गाडी थांबे. ही लढाईच्या आधीची गोष्ट. पेट्रोल मुबलक होतं, मोटारी मात्र अशाच होत्या.

गाडी थांबली की अण्णा खाली उतरत. चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. धोतराचा सोगा खोचून ते तापलेल्या बॉनेटजवळ जात आणि कानडीत विचारत, "याकव्वा, एनातु?" म्हणजे, का गं बाई, काय झालं? आम्हा उतारूंशी ते मराठी बोलत, इंजिनाशी कानडी. विचारलं तर सांगत, "आमच्या घरात कानडीच की, मास्तर. ती काय परकी हाय व्हय?"

मग पाण्याचा कार्यक्रम. घाटात रस्त्याला लागून एक विहीर होती. अण्णा पोहऱ्यानं पाणी काढत, डब्याच्या तोंडावर दुहेरी फडकं बांधत आणि बेताबेतानं पाणी गाळत. जैन माणूस न गाळलेलं पाणी पीत नाही हे मला ठाऊक होतं, पण ही सवलत मोटारीलाही आहे हे मला तिथं कळलं. एवढ्यावर भागत नसे. गाळून झालं की फडकं उलटं करून, त्यावर पुन्हा गाळलेलं पाणी ओतून, त्यावरचे डोळ्यांना न दिसणारे जीव त्यांच्याच विहिरीत परत पोचवायचे. दुसऱ्या विहिरीत चालत नाही. तोवर आम्ही धोंड्यांवर बसून जांभया देत असू.

आमच्यात सगळ्यात मोठ्यानं जांभई द्यायचे ते तात्या. शहापूरचे साड्यांचे व्यापारी. आठवडाभर निपाणी, चिकोडी, सदलगा असे बाजार करून शनिवारी गाठोड्यांसह परतायचे. वयानं अण्णांपेक्षा मोठे, आणि रागानं आम्हा सगळ्यांपेक्षा.

"अण्णा, पाण्यातलं किडं वाचिवतोस, आनि हितं माणसं वाळून चालल्यात त्याचं काय?"

"माणसाला तोंड हाय, तात्या. बोलतंय. त्यास्नी कुठं तोंड हाय?"

एकदा तात्यांनी मर्मावरच बोट ठेवलं. "गाळून घालायचं आनि आत उकळून मारायचं, ह्यो कुठला रं धरम?" अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. पुढच्या शनिवारी मात्र हसत आले. तवंदीला मुनी महाराज आले होते, त्यांना जाऊन विचारून आले होते. "गाळून उकळलेलंच पाणी महाराज बी घेत्यात," त्यांनी सांगितलं. तात्या म्हणाले, "म्हंजे आता तुझ्या मोटारीला नमस्कार करून बसाय पायजे." आणि खरोखरच टपावर कपाळ टेकवून आत बसले.

बिघाड एकच होता, गाडी तापायची. त्याची कारणं मात्र जितके मिस्त्री तितकी. कोल्हापूरचा मिस्त्री म्हणाला, मॅग्नेटो गेलाय. मुंबईहून नवा मॅग्नेटो मागवला. शनिवारी घाटात वाफ. संकेश्वरचा म्हणाला, पंख्याचा पट्टा सैल आहे. पट्टा बदलला, वाफ. तिसऱ्यानं इंजिन उघडून सगळी आतडी पोत्यावर मांडली आणि परत भरताना दोन तुकडे शिल्लक ठेवले, ते अण्णांनी बरेच दिवस खिशात बाळगले, न जाणो लागले तर. चौथ्यानं नुसती पाण्याची टाकी धुऊन दिली, तेव्हा दोन आठवडे गाडी सरळ घाट चढली. आम्ही त्या मिस्त्रीचे गुण गायला लागलो आणि तिसऱ्या शनिवारी पुन्हा विहिरीवर. मोटार बाळगणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक शीण येतो. दुखणं कळत नाही आणि औषधाचा खर्च थांबत नाही, त्या घरातल्या माणसासारखा. अण्णांची तंबाखूची वखार याच मोटारीच्या पोटात गेली होती.

"विकून टाका की हो," मी एकदा वैतागून म्हणालो.

"इकून?" ते म्हणाले. "आनि दुसऱ्याच्या गळ्यात घालू व्हय ह्यो तरास?"

खरं कारण वेगळं होतं, ते मला हळूहळू उमगलं. अण्णांची बायको, चंपाक्का, काही वर्षांपूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हतं. वखारीत दिवसभर तंबाखूची पोती आणि संध्याकाळी ते रिकामं घर. घर खायला उठायचं म्हणून त्यांनी मोटार घेतली. "दिवसभर माणसं दिसत्यात, मास्तर," एवढंच ते बोलले होते.

आणि दुसरं, जेवण. अण्णा दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नसत. मोटार घाटात अडकली की पुढं कुठं पोचून जेवायची आशा नाही, म्हणून त्यांनी डबा आणायला सुरुवात केली. सुरुवातीला एकट्यापुरता. पण आठ माणसं टकामका बघत असताना एकट्यानं घास कसा घ्यायचा? डबा वाढत वाढत घागरीएवढा झाला. जोंधळ्याच्या भाकऱ्या स्वतः थापायचे. त्यांच्या भाकरीला कुठूनही बघितलं तरी कोपरे दिसत. शेंगांची चटणी, मुगाची उसळ, गुळाचा खडा, आणि कांदा-लसणाशिवायचा झुणका. तात्या झुणका पाहून दर वेळी कपाळावर हात मारत. "कांदा न्हाय तर झुणका कशाला करायचा रं? उगं पिठाला तरास!" असं म्हणत दोनदा मागून घेत.

त्या धोंड्यांवर आम्ही फार हसलो, हे आता कबूल करायला हरकत नाही. अण्णा वाढायला लागले की वेगळेच दिसत. भाकरी मोडून ज्याच्या त्याच्या हातावर ठेवत, मास्तरांना मऊ, तात्यांना कडक, आणि सगळ्यात शेवटी आपण बसत. चंपाक्कांच्या हातची शेंगांची चटणी कशी असायची ते दर शनिवारी सांगत आणि आपली तशी होत नाही म्हणून हळहळत. पण जेवण झालं की आम्हाला पुन्हा घड्याळ आठवे. कारण पुढं अंधारात अण्णा दिवे लावायला खळखळ करत. दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून. घरी पोचायला मध्यरात्र होई आणि माझी बायको दार उघडताना काही न बोलता सगळं बोलून जाई.

अशात निपाणीला दुसरी सर्व्हिस मोटार सुरू झाली. नवी कोरी, घाट एका दमात चढणारी. आमच्यातले तीनचार जण पहिल्याच आठवड्यात तिकडं गेले. तात्यांनी अण्णांना तोंडावर सांगितलं, "ह्या महिन्यात ही नीट केलीस तर बरं, न्हायतर मी बी चाललो. माझ्या वयाला आता धोंड्यावर बसवत न्हाय." अण्णांनी मान हलवली. त्यांच्या मोटारीत माणसंच राहिली नाहीत तर त्यांच्याकडं दुसरं काय होतं? त्या शनिवारी त्यांनी गाडी परस्पर बेळगावच्या कॅम्पात पेद्रू मिस्त्रीकडं नेली, तात्यांना आणि मला घेऊन.

पेद्रूनं टाकी काढली आणि उलटी केली. काही पडेना. तार घालून खरवडलं तेव्हा आतून पांढरट, चिकट लगद्याचा गोळा बाहेर आला. पेद्रूनं अण्णांकडं बघितलं. "अण्णा, तुम्ही हिच्यात पेज शिजवता काय?"

कुणालाच कळेना. तात्यांनी तो लगदा बोटांत घेतला, अंगठ्यानं चोळला, नाकाशी नेला. आयुष्य मागावरच्या कापडात गेलेला माणूस. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"खळ हाय ही," ते अगदी हळू म्हणाले. "कापडाची."

आता सांगतो काय झालं होतं ते. मोटार घेतली तेव्हा अण्णा जुन्या धुवट धोतराच्या फडक्यानं पाणी गाळत, आणि पहिलं वर्ष ती बरी चालली, क्वचितच तापायची. पुढं ते फडकं फाटलं. चार घड्या करून गाळताना अण्णांना वेळ लागायला लागला, तेव्हा तात्याच वैतागून म्हणाले होते, "घे ह्यो तागा, आनि लवकर आटप!" शहापूरच्या मागावरनं उतरलेलं कोरं, जाड, खळीनं कडक झालेलं कापड. अण्णांना तर ते फारच पटलं. कोरं तेवढं निर्मळ, म्हणून न धुता रोज नवा तुकडा. दररोज ती खळ पाण्याबरोबर टाकीत जात होती आणि घाटात आमची मोटार ती मंद आचेवर शिजवत होती. मॅग्नेटो बिचारा फुकट बदनाम झाला.

मला वाटलं, आता अण्णा तात्यांवर उसळतील. सगळी वखार गेली होती, हक्कच होता. पण ते टाकीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हंजे हिचं काय बी चुकलं न्हवतं." एवढंच. तात्या त्या दिवशी कॅम्पातून शहापूरपर्यंत पायी गेले, मोटारीत बसले नाहीत.

पुढं अण्णांनी धुवट फडकं धरलं आणि मोटार शहाण्यासारखी चालायला लागली. घाट आला कधी, गेला कधी, कळत नसे. गेलेले उतारू परतले. मी दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात घरी पोचायला लागलो. बायकोनं पहिल्यांदा विचारलं, आज शाळेला सुट्टी होती का? मी सुखावलो. खरं सांगतो, महिनाभर तरी अण्णांकडं माझं लक्षच नव्हतं. गाडी चालत असली की चालवणाऱ्याकडं कोण बघतो?

मग एकदा पुढच्या बाकावर जागा मिळाली. घाटातली विहीर आली तशी अण्णांनी गाडी सावकाश केली. आरशातून मागं नजर टाकली. मागं सगळे डुलक्या घेत होते, एकजण घड्याळ बघत होता. अण्णांनी पुन्हा वेग वाढवला. हत्तरगीच्या पुढं सूर्य टेकला तेव्हा त्यांनी एकदा पश्चिमेकडं पाहिलं आणि समोर बघायला लागले.

"अण्णा, जेवलात का?" मी विचारलं.

त्यांना खोटं बोलता येत नसे. "न्हाय."

"का?"

"येळ झाली की आता."

"मग निघायच्या आधी जेवून घ्यायचं. किंवा वाटेत थांबवायची गाडी घटकाभर. तुमचीच तर आहे."

"एकट्याचं जेवाण गिळवत न्हाय मला," ते म्हणाले. "आनि इंजिन बरं असताना गाडी कशी थांबवू? लोकांचा येळ खाणं म्हंजे चोरीच ती."

दर शनिवारी हा माणूस उपाशी बेळगावात उतरत होता आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत तसाच राहत होता. मला लाज वाटली. शहापुरात उतरल्यावर मी तात्यांना गाठून हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि निघून गेले.

पुढचा शनिवार. गाडी भरलेली होती. घाट लागला, इंजिन एका सुरात चाललेलं. विहीर जवळ आली तसे तात्या मागून ओरडले, "थांबीव रं, अण्णा!"

अण्णांनी दचकून ब्रेक दाबला. "काय झालं?"

"भूक लागलीया मला."

"तात्या, गाडी बरी हाय. उशीर हुईल सगळ्यास्नी."

"हुंदे. डबा हाय का न्हाय तुझ्याकडं, तेवढं सांग."

नाही म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण अण्णांना खोटं कुठं बोलता येत होतं?

"हाय," ते म्हणाले. "दर शनवारी असतोय. सगळ्यांपुरता."

घड्याळवाल्यानं घड्याळ बंडीच्या खिशात सारलं. इतके शनिवार तो घागरीएवढा डबा आमच्या पायांशी होता, आमच्याबरोबर बेळगावला जात होता आणि तसाच भरलेला परत येत होता.

दिवस अजून कासराभर वर होता. आम्ही उतरलो, धोंड्यांवर बसलो. अण्णांनी भाकरी मोडून हातावर ठेवल्या, मला मऊ, तात्यांना कडक. तात्या सवयीनं झुणक्याला नावं ठेवायला लागले. सगळ्यांना वाढून झाल्यावर अण्णा खाली बसले आणि मान घालून भराभर जेवायला लागले, बऱ्याच दिवसांच्या भुकेल्या माणसासारखे. तिसऱ्या भाकरीला त्यांचा हात मध्येच थांबला. वर न बघताच त्यांनी विचारलं,

"फुडच्या शनवारी काय करून आणू?"