बशीरमामांचं इंजेक्शन

बशीरमामा कुणाच्या घरी गेले की पाण्याआधी खुर्ची मागतात. बसायला नव्हे, उलटी करून बघायला. प्लास्टिकची खुर्ची चारी पाय वर करून जमिनीवर ठेवायची, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि बैठकीच्या खालच्या बाजूनं अंगठा फिरवत एक बारीकसा उंचवटा शोधायचा. तो सापडला की मामांचा चेहरा खुलतो.

"ही बघा बेंबी! हितनंच इंजेक्शन दिलंय हिला."

मग खुर्ची सरळ होते, मामा तिच्यावर बसतात आणि चहा घेतात.

बशीर नदाफ हे आमचे शेजारी. दोन्ही घरांत भिंत एकच, त्यामुळं त्यांच्याकडं फोडणी कशाची पडली हे मला कळतं आणि माझ्याकडं भांडण कशावरून झालं हे त्यांना. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. मामांची सगळी नोकरी कागलच्या एमआयडीसीत, प्लास्टिकच्या कारखान्यात गेली. प्लास्टिक वितळवायचं, दाब देऊन साच्यात घुसवायचं, थंड झालं की बादली नाहीतर खुर्ची बाहेर. याला इंजेक्शन मोल्डिंग म्हणतात. प्लास्टिक जिथनं आत शिरतं तिथं खूण राहते, तीच मामांची बेंबी. रिटायर होऊनही त्यांच्या डोक्यातलं मशीन काही बंद झालेलं नाही.

या बेंबीपायी एकदा मार खायची वेळ आली होती. हातकणंगल्याला त्यांच्या लेकीच्या, रुक्सानाच्या सासरी लग्न होतं. नवऱ्या मुलाचे मामा, चांगले दांडगे गृहस्थ, बसायला वाकले. तेवढ्यात आमचे मामा धावत गेले आणि म्हणाले, "पावणं, थांबा जरा, बेंबी बघतो!" आता भरमांडवात अनोळखी माणसाला असं म्हटल्यावर काय होणार? पावण्यांनी आधी स्वतःचा शर्ट खाली ओढला आणि मग मामांची कॉलर वर. रुक्साना मध्ये पडली म्हणून निभावलं. परत येताना मामा गाडीत एवढंच म्हणाले, "खुर्ची मातूर चांगल्या कंपनीची हुती."

जगात जे काही घडतं ते इंजेक्शननं घडतं, असं त्यांचं ठाम मत आहे. गल्लीतली सून वेगळी निघाली. "मावशीनं कानात इंजेक्शन दिलं." कुणाचा पोरगा दहावीला नापास झाला. "इंजेक्शन कमी पडलं, शॉर्ट पीस निघाला." शॉर्ट पीस म्हणजे साचा पुरता न भरल्यामुळं अर्धवट राहिलेली वस्तू. आमच्या गल्लीतली बरीच मंडळी मामांच्या लेखी शॉर्ट पीस आहेत. मी कशात बसते ते मी विचारलेलं नाही.

आमचा स्लॅब गळायला लागला तेव्हा मिस्त्री भोकं पाडून त्यात पंपानं रसायन भरू लागला. या कामालाही इंजेक्शनच म्हणतात हे ऐकल्यावर मामा दिवसभर स्लॅबखाली मान वर करून बसले. संध्याकाळी मान खाली येईना. गल्लीतला ट्रकवाला दिसला की त्याला डिझेलच्या इंजेक्टरबद्दल छळायचं. टीव्हीवर उपग्रह सोडताना दाखवला आणि त्याला कक्षेत नेऊन सोडण्यालाही इंजेक्शन म्हणतात असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा तर भिंतीवर थापा पडल्या. "बाई, ऐकलं का? आभाळाला बी इंजेक्शन हाय!"

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "मामा, आमच्या गणितातही आहे. इकडच्या प्रत्येकाला तिकडं वेगळा जोडीदार द्यायचा. दोघांत मिळून एक चालत नाही. त्याला इंजेक्शन म्हणतात." वाटलं, आता तरी गप्प बसतील. मामांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे संसारच म्हणा की," असं म्हणून आत निघून गेले. मी शिट्टी झालेला कुकर तसाच ठेवून उभी राहिले.

आणि असा हा माणूस खऱ्या सुईला भितो. भितो म्हणजे काय, लसीच्या वेळी सिस्टरनं दंडाला नुसता ओला कापूस लावला तर मामा खुर्चीसकट खाली. शुद्धीवर आल्यावर समोर उलटी पडलेली खुर्ची. त्यांनी आधी काय बघितलं असेल ते सांगायला नको.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मामींच्या पायाला ठेच लागली.

मामी म्हणजे मामांची बायको. बोलणं कमी, हात सतत कामात. ठेच अंगठ्याला लागली आणि जखम काही भरेना. मामींनी कुणाला सांगितलंच नाही. हळद दाबून वरनं चिंधी बांधली आणि कामाला लागल्या. घरभर वास सुटला तेव्हा मामांना कळलं. दवाखान्यात मी सोबत गेले होते. साखर भयंकर वाढली होती. डॉक्टर स्पष्टच बोलले, "इन्सुलिन आजपासून. नाहीतर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेल असं मी सांगू शकत नाही."

मामींचे हात थरथरतात, नजर अधू. रुक्साना हातकणंगल्याला. मला सकाळी कॉलेजची घाई. उरले कोण? मामा. मामा दवाखान्यातल्या बाकड्यावर असे बसले की मला त्यांच्याकडं बघवेना. इंजेक्शन हा शब्द त्यांच्या तोंडातनं निघेना.

सिस्टर शिकवायला बसली. भली पोरगी. पेनसारखं इंजेक्शन, केसाएवढी सुई. म्हणाली, "पोटावर द्यायचं, बेंबीपासून दोन बोटं सोडून."

"सोडून?" मामांना राहवलं नाही. "आमच्यात तर बेंबीतनंच देत्यात."

"ती बादली असेल मामा. ही मामी आहे."

मग ती म्हणाली की औषध आत गेलं तरी सुई लगेच काढायची नाही, दहा मोजेपर्यंत धरून ठेवायची. मामांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "होल्डिंग! दाब लगीच सोडला की पीसला खड्डा पडतोय." पण प्रत्यक्ष सुई मामींच्या पोटाला लागली आणि मामांचा हात लटलटायला लागला. डोळे गच्च मिटून त्यांनी एकदोनतीनचारपाच असं काही सुरू केलं की दहा यायच्या आतच दहा झाले.

"मामा, घाई नको," सिस्टर त्यांचा हात धरून म्हणाली. "आकडे राहू देत. डोळे उघडा. सावकाश दहा वेळा नाव घ्या, मग सुई काढा."

तिच्या मनात अल्लाचं नाव. पण आमच्याकडं 'नाव घ्या' म्हटलं की त्याचा एकच अर्थ. लग्नात म्हणा, बारशात म्हणा, उंबऱ्यात अडवून बायका म्हणतात, नाव घ्या, की नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं. एरवी कोण घेतंय? मामा मामींना 'रुक्सानाची अम्मी' म्हणायचे, घाईत असले तर नुसतं 'ऐकलीस का'. इतकी वर्षं भिंतीला भिंत, पण मामींचं नाव काय हे मलासुद्धा त्याच दिवशी, दवाखान्यात पुकारा झाला तेव्हा कळलं.

मामांनी माझ्याकडं बघितलं, सिस्टरकडं बघितलं, दाराकडं बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सगळ्यांच्या म्होरं?"

"मग काय झालं? घ्या की!"

मग मामा मामींकडं वळले.

"हमीदा," ते म्हणाले.

सिस्टरचं तोंड उघडं पडलं. ती काही बोलणार तेवढ्यात मी तिचा दंड असा आवळला की बिचारी गप्प. मामांनी एकेक करून दहा वेळा नाव घेतलं. हात लटलटायचा थांबला होता. मामींनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता आणि सुई कधी निघाली हे त्यांना कळलंच नाही.

तेव्हापासून रोज सकाळी भिंतीपलीकडनं नाव यायचं. मला चोरून ऐकल्याची लाज वाटत नाही. मी आधण ठेवून भिंतीला लागूनच उभी राहायची. पहिल्या आठवड्यात 'हमीदा' म्हणजे पाढा न आलेल्या पोराची घोकंपट्टी. मग हळूहळू नावाला वळण आलं. कधी त्यात रागावणं असायचं, कधी समजूत, कधी नुसतंच नाव. मला एकदा वाटलं, या माणसानं इतक्या वर्षांचं साठवलेलं आता थोडं थोडं बाहेर काढलंय.

एका रविवारी मामा माझ्याकडं आले. खुर्ची मागितली नाही. पायरीवरच बसले.

"बाई, तिला दुखलं तर ती सांगत न्हाय वो. जन्मात कदी काय दुखतंय म्हणाली न्हाय. अंगठा सडाय लागला तरी न्हाय म्हणाली. मी आपला जगाच्या खुर्च्या उलट्या करत हिंडलो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला. "ती गेली तर मी कुणाला ऐकलीस का म्हणू?"

मी चहा टाकला.

जखम भरली. अंगठा वाचला. साखर इतकी ताब्यात आली की डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन बंद करू, गोळ्यांवर भागेल. मामांनी दवाखान्यातल्या यच्चयावत लोकांना पेढे वाटले. डॉक्टरांनी तिथंच मामींना पेढा खायला बंदी केली, म्हणून त्यांचा वाटा मीच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामी अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "सुटलात बाई एकदाच्या सुईतनं." मामी हसल्या नाहीत. देठं एकीकडं, पानं एकीकडं करत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमचं डॉक्टर ऐकतील. आनि थोडं दिवस राहू द्या म्हणावं इंजेक्शन."

"अहो, का? दुखत नव्हतं?"

"दुखत हुतं की."

"मामांना सांगू का?" एवढंच म्हटलं. तर मामींनी माझा हात घट्ट धरला. "न्हाय, न्हाय. सांगून घ्यायला लावलेलं नाव कशाला पायजे?"

रात्रभर मला त्याचं वाईट वाटत राहिलं. सकाळी सवयीनं आधण ठेवलं आणि भिंतीशी उभी राहिले. पलीकडं भांड्यांचा आवाज, पाण्याचा आवाज. बाकी काही नाही. मी साखर घातली, पावडर घातली. म्हटलं, संपलं.

तेवढ्यात मामांचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"हमीदा, गोळी."

मामींच्या बांगड्या वाजत होत्या, म्हणजे त्या तिथंच होत्या. ओ मात्र दिली नाही.

"हमीदा?"

बांगड्या थांबल्या. तरीही ओ नाही.

"अगं हमीदा, पाणी हातात घिऊन हुबा हाय की मी!"

माझा चहा उतू गेला, पण मी जागची हलले नाही. मामी अजून ओ देत नव्हत्या.