थंबनेलमधली मनुबाई

"हे काय लावलंयस तू आत्याच्या व्हिडिओवर?" प्राप्तीने मोबाइल थेट नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

कमलेशने पाहिलं. मनुबाईंचे डोळे मिटलेले, तोंड आ वासलेलं, आणि उजवीकडची पडलेली दाढ कुठे होती तेसुद्धा स्वच्छ दिसत होतं. व्हिडिओ उघडण्याआधी त्याच्यावर जे छोटं चित्र दिसतं, ज्याला थंबनेल म्हणतात, ते आपण दिलं नाही तर यंत्रच व्हिडिओतला कुठलातरी क्षण उचलून तिथे चिकटवतं. यंत्राने नेमका हा क्षण उचलला होता.

"मी नाही लावलं, आपोआप आलंय. आणि गाताना तोंड उघडावंच लागतं ना?"

"अरे, खालची कमेंट वाच. एकाने विचारलंय, दाढ काढताना दुखतं का म्हणून!"

मनुबाई म्हणजे प्राप्तीची आत्या. कळव्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली शेवटची धवलारीण. लग्नाचे सगळे विधी गाण्यातून चालवायचा मान धवलारणीचा. ती धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, गाऊ लागली की मांडवातली पोरं आपोआप गप्प बसत आणि नवरीच्या आईला पदर शोधावा लागे. कमलेश मूळचा साताऱ्याकडचा. त्याच्या स्वतःच्या लग्नात त्याला धवल्यातला एक शब्द कळला नव्हता, तरी तो हुंदके देऊन रडला होता. नवऱ्या मुलाने एवढं रडायची वाड्यातली ती पहिलीच वेळ होती. तेव्हापासून मनुबाई म्हणजे त्याच्यासाठी देवच.

पण हल्ली हळदीला डीजे येऊ लागला होता. यंदाचा लग्नांचा हंगाम तोंडावर आला, तरी मनुबाईंकडे गाण्याचं बोलावणं घेऊन, पानसुपारी घेऊन कोणी फिरकलं नव्हतं. परक्यांचं सोडा, सख्ख्या भावकीतल्या तानाजीकाकांनी पोरीच्या, अक्षदाच्या, हळदीला डीजे ठरवला होता. त्या दिवसापासून मासे साफ करताना मनुबाईंचं गुणगुणणं बंद झालं. म्हणून प्राप्तीने पडवीत बसवून त्यांचा धवला चित्रित केला होता. लोकांनी एकदा ऐकलं की सुपारी येईल, हा तिचा हिशेब. पण ऐकायला आधी बोट लागायला हवं, आणि दाढेच्या खड्ड्यावर कोण बोट लावणार?

"तू अख्ख्या कळव्याचे बॅनर करतोस," प्राप्ती म्हणाली, "एक थंबनेल कर ना आत्यासाठी."

कमलेशची छाती फुगली. आणि का फुगू नये? कळवा नाक्यावरच्या त्याच्या दुकानातून निघालेल्या बॅनरला तोड नव्हती. वाढदिवसाच्या एका बॅनरवर तो सबंध भावकी बसवायचा. कोणाचं डोकं कोणापेक्षा किती मोठं, कोण हात जोडून, कोण मोबाइल कानाला लावून चालताना, कोण नुसता शुभेच्छुकांच्या रांगेत, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. त्याच्या बॅनरवरून आजवर एकही भांडण झालं नव्हतं. ही साधी गोष्ट नाही. सरकारं पडतात ती याहून लहान कारणांनी.

त्याने थंबनेल केलं. मधोमध मनुबाई. वर कोपऱ्यात एकवीरा आई. डावीकडे सासरे भिवाजी, उजवीकडे तानाजीकाका, त्यांच्याखाली मेव्हणा मितेश गॉगल लावून, आणि तळाशी शुभेच्छुकांची रांग. दुकानाच्या मोठ्या पडद्यावर ते असं काही झळकलं की त्याचे त्यालाच डोळे भरून आले. धंद्याच्या शिस्तीप्रमाणे त्याने ते आधी मंजुरीसाठी घरच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले आणि लगोलग आपापल्या स्टेटसला लावलं.

संध्याकाळी प्राप्तीने ते मोबाइलवर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ही काय मोड आलेली मटकी आहे?"

"कुठे मटकी?"

"ही सगळी डोकी! अरे, हे नखाएवढं दिसणार. यात आत्या कुठाय?"

कमलेशने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. आत्या खरोखरच सापडत नव्हत्या. तानाजीकाकांच्या मिशा तेवढ्या दिसत होत्या.

"एकच चेहरा ठेव," प्राप्ती म्हणाली. "मोठा. आत्याने समोर बघितलं पाहिजे, बघणाऱ्याच्या डोळ्यांत. मागे गडद रंग, म्हणजे पिवळं लुगडं उठून दिसेल. शब्द चारच. आणि वाचल्यावर माणसाला वाटलं पाहिजे, काय बुवा हे, उघडून तरी बघू."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे गेले."

बोलायला सोपं होतं. पण स्टेटसला लागलेलं डोकं काढणं म्हणजे ताटावरून उठवणं. बातमी कशी फुटली देव जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळपासून कमलेशचा फोन थांबेना.

"मना काय, नसला माजा फोटू तरी चालंल," सासरे म्हणाले. "घरातला मोठा मानूस कोन इचारतो हल्ली?"

"भावजी, माझा ठेवा ना यार," मितेश म्हणाला. "जिममधल्या पोरांना सांगून बसलोय मी. इज्जतीचा सवाल आहे."

तानाजीकाका तर दुकानातच आले. "माजा नाव बारक्या अक्षरांत टाक नायतर टाकू नको, पन मिशी कापलीस तर याद राख!"

कमलेशने दोन वेळा सगळ्यांना परत बसवलं, दोन वेळा काढलं. शेवटी त्याला लग्नातला तो आवाज आठवला आणि त्याने मन घट्ट केलं. मासे विकून परतणाऱ्या मनुबाईंचा एक जुना फोटो त्याच्याकडे होता. केसांत अबोलीची वेणी, ओठांच्या कडेला जरासं हसू, आणि नजर अशी की समोरच्याच्या मनात काय आहे ते त्यांना आधीच ठाऊक असावं. तेवढा एक चेहरा त्याने चौकटभर घेतला. मागे काळाभोर रंग. खाली नाव, मनुबाई, आणि चार शब्द: असा आवाज पुन्हा नाही.

फार देखणं झालं होतं ते. प्राप्तीने ऑफिसातून उत्तर पाठवलं, "एक नंबर!" मितेशने फुरंगटूनच ते स्टेटसला टाकलं. रागात असल्याने एक अक्षर लिहिलं नाही, नुसते जोडलेले हात टाकले. तो स्वतःच्या दंडाच्या फोटोवरही जोडलेले हातच टाकतो.

कमलेशने सगळ्यांची नाराजी टाळायला फोन मुका केला आणि फ्लेक्सचे रोल आणायला तो कल्याणच्या बाजारात गेला. दुपारभर खिशात फोन थरथरत होता. 'बोंबला लेको,' तो मनात म्हणत होता, 'आता डोकं परत लागणार नाही.'

एवढी वर्षं बॅनर करणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. कळव्यापासून खडवलीपर्यंत कुठल्याही नाक्यावर उभे राहा. वाढदिवसाचा बॅनर चेहऱ्यांनी गच्च भरलेला असतो. लग्नाचाही तसाच. काळ्या रंगावर एकच चेहरा, खाली नाव आणि पुन्हा न होण्याची भाषा, असा बॅनर एकाच प्रसंगी लागतो. थंबनेलचा एकूणएक नियम कमलेशने चोख पाळला होता आणि त्यातून भावपूर्ण श्रद्धांजली तयार झाली होती.

रिक्षातून उतरून तो सासुरवाडीच्या गल्लीत शिरला तेव्हा दाराशी चपलांचा ढीग होता. बायका झाकलेली पातेली घेऊन येत होत्या. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात, हे त्याला माहीत होतं.

"कोण गेलं?" त्याने एका बाईंना विचारलं.

"मनुबाय!" त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

कमलेशच्या हातातला रोल गळून पडला. आपण सकाळी फोटो लावला आणि दुपारी बाई गेली! आपल्या हाताला काय हे अपशकुनी वळण! तो तिथेच पायरीवर बसला आणि लग्नात रडला होता त्याहून मोठ्याने रडू लागला. त्याचं रडणं ऐकून ज्यांना थोडीफार शंका होती त्यांचीही खात्री पटली. जावई रडतोय म्हणजे खरंच असणार.

आत भिवाजी भिंतीला टेकून सुन्न बसले होते. दुपारच्या झोपेतून त्यांना लोकांच्या रडण्यानेच जाग आली होती. बहीण सकाळी माशांची पाटी घेऊन डोंबिवलीच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांकडे गेली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिचा मोबाइल घरातच चार्जिंगला लावलेला होता. सगळे त्याच्यावर फोन करत होते आणि ती उचलत नव्हती, याहून मोठा पुरावा कोणता? ठाण्याच्या कुठल्याशा दवाखान्यातून तिला आणतायत, असं कोणीतरी कोणालातरी म्हणालं होतं. मितेश मोटारसायकल घेऊन दवाखाने पालथे घालत होता.

कमलेशला कोणीतरी धरून आत आणून बसवलं. लोक एकेक आठवण काढत होते. "काय आवाज होता!" "माझ्या पोरीच्या लग्नात बाईने मांडव रडवला." "व्हिडिओ बघितलास का? मी चारदा बघितला. काटा आला अंगावर." खडवलीहून आलेला एक पाहुणा तर म्हणाला, "आम्ही नुसता फोटो बघून उघडला, आणि मग गाडीत बसेपर्यंत बंदच करवेना." कमलेशला एवढ्या दुःखातही वाटलं, थंबनेल चाललं. मग अशा वेळी असं वाटल्याबद्दल त्याला स्वतःचीच लाज वाटली.

एवढ्यात मागच्या दाराने एक बाई आली. डोक्यावर पदर, बगलेत पाटी. दारातली गर्दी पाहून ती हळूच बायकांच्या मागे टेकली. माना खाली घालून बसलेल्या लोकांत तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. कमलेशने नाक पुसायला मान वर केली आणि त्याची बोबडी वळली. त्या मनुबाई होत्या. त्यांनी शेजारणीच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. शेजारणीने मान वर न करताच हुंदका देत उत्तर दिलं. मनुबाई क्षणभर थबकल्या, मग त्यांची नजर कमलेशवर गेली. तो किंचाळणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पदर आणखी पुढे ओढून नीट मांडी घालून बसल्या. स्वतःविषयी एवढं चांगलं ऐकायला मिळत असताना मध्येच कोण उठेल?

तेवढ्यात तानाजीकाका आले आणि दारातच त्यांनी हंबरडा फोडला.

"मनुबाय गेली रं! माज्या लग्नात तीच गायली. माज्या आयशीच्या डोल्यांत पानी आनलेलं तिनी. आता माज्या अक्षदाच्या हलदीत कोन गायल?"

"डीजे सांगितलाय ना तुम्ही?" कोणीतरी म्हणालं.

"डीजे नाचवतो रं, रडवायला मानूस लागतो!" तानाजीकाका कपाळ बडवू लागले. "मी बोल्लू, मनुबाय काय, घरचीच हाय, हाक मारली का येल. तिला साधी पानसुपारी नाय नेली मी! आज ती आसती, तर पाय धरून बोल्लू आसतू, बाय, माज्या पोरीला धवला गा!"

"मंग धर की," मागून आवाज आला.

सगळ्या माना एकदम वळल्या. मनुबाई उभ्या होत्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पिठल्याचं पातेलं सोडलं. दोघंजण दारातून उलटे पळाले. भिवाजी भिंत धरून उठले.

"मनू! तू मेलीस ना?"

"कोन बोल्ला?"

"सगले बोल्ले!" भिवाजी म्हणाले आणि लहान पोरासारखे बहिणीच्या गळ्यात पडून रडायला लागले.

त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. मितेश ओरडून बोलत होता, ते सगळ्यांना ऐकू गेलं. "पप्पा, या दवाखान्यात पण आत्या नाहीये! आता कुठे बघू?"

मनुबाईंनी फोन घेतला. "मी घरी हाय रं. येताना लिंबू आन. पाटीत बोंबील उरलेत, पिठला कोन खातो?"

हसणं, रडणं, ओरडणं सगळं एकदम झालं. त्या गडबडीत तानाजीकाका हळूच दाराकडे सरकले.

"तानाजी," मनुबाई म्हणाल्या.

"नाय म्हंजे, मी... दुःखात बोल्लू गो."

"दुःखात मानूस खरा बोलतो. एवढ्या लोकांनी ऐकलंय." त्यांनी पदर सावरला. "मी तुज्या दारावरून रोज जाते, तानाजी. एक दिवस तरी हाक मारशील, वाटलेलं मना."

तानाजीकाका बाहेर गेले आणि थोड्याच वेळात विड्याची पानं, सुपारी आणि नारळ घेऊन परत आले. सगळ्यांच्या देखत त्यांनी ते मनुबाईंच्या ओटीत घातलं. खडवलीचा पाहुणा म्हणाला, आलोच आहे तर आमचीही सुपारी घ्या. मग आणखी दोघं पुढे आले. पडवीत बोंबील तळायचा वास सुटला आणि आणलेल्या भाकऱ्या बरोबर कामी आल्या.

प्राप्ती ऑफिसातून धापा टाकत पोचली तेव्हा कमलेश कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता. तिने घरभर नजर फिरवली आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"गडद रंग तूच सांगितलास," तो म्हणाला.

मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आत्या, चुकी माझी आहे. आत्ता बदलतो. मागे छान गुलाबी रंग करतो आणि सगळ्यांचे फोटो परत लावतो. मामा, तुमचा आधी."

"नको नको!" भिवाजींनी कानाला हात लावला.

"माजा तर आजाबात नको," तानाजीकाका घाईघाईने म्हणाले. "मिशीबी नको."

मनुबाईंनी मोबाइल हातात घेतला. काळ्या रंगावरचा आपलाच चेहरा त्यांनी आधी जवळून, मग लांब धरून पाहिला.

"ऱ्हाऊ दे जावय," त्या म्हणाल्या. "हंगाम सरंपर्यंत असाच ऱ्हाऊ दे. जिती हाय कललं, तर परत डीजे आनतील मेले."