चार इंच मुरूम

महालिंगप्पा सरांनी धाराशिवच्या मैदानावर बास्केटबॉलच्या रिंगेपर्यंत टेप लावला, आकडा वाचला आणि मटकन खाली बसले. रिंग बरोबर दहा फुटांवर होती. म्हणजे बेइमानी झाली म्हणून ओरडायचीही सोय उरली नव्हती.

लोहाऱ्यात ते कॉलेजचे क्रीडाशिक्षक. त्यांच्या मुलींचा संघ नुकताच बेचाळीस-सहा असा हरला होता, आणि त्या सहातले दोन गुण समोरच्या संघानं चुकून दिलेले होते. कप्तान चैतालीचा तर एकही चेंडू रिंगेत पडला नाही. सगळे खालूनच जाळीला शिवून परत आले.

"सर, माझं काय चुकलं ओ?" परतताना जीपमध्ये तिनं विचारलं.

सरांनी वही उघडली. वहीत चैतालीची तीन वर्षांची प्रगती होती. शंभर चेंडूंपैकी पहिल्या वर्षी एकोणीस रिंगेत, दुसऱ्या वर्षी चव्वेचाळीस, यंदा एकाहत्तर. त्याचा रंगीत तक्ता 'असा घडतो खेळाडू' या मथळ्याखाली प्राचार्यांच्या केबिनमध्ये लावला होता आणि पाहुण्यांना तो चहाच्या आधी दाखवला जाई. पंधरा दिवसांनी विद्यापीठाच्या संघाची निवड लोहाऱ्याच्याच मैदानावर होती. चैतालीचं हे शेवटचं वर्ष. सरांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत या कॉलेजातलं एकही पोर त्या संघात गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी कॉलेजची रिंग मोजली. नऊ फूट! पुन्हा मोजली. नऊच.

"पिराजी, रिंग कुणी खाली घेतली?" त्यांनी झाडांना पाणी घालणाऱ्या शिपायाला विचारलं.

"रिंगंला कोण कशाला हात लावतंय सर? जमीन वर आलीया."

"जमीन कशी वर येईल?"

"मुरूम टाकतो की आपण, तीन सालं झाली! तपासणीवाले आले तवा चार इंच, गॅदरिंगला चार इंच, उद्घाटनाला सायब आले तवा चार इंच. लई दाबून बसवलाय. म्याच रूळ फिरवला न्हवं का!"

पोरी वाढल्याच नव्हत्या, मैदान वाढलं होतं. सरांना आपली बावीस वर्षं त्या मुरमाखाली गेल्यासारखी वाटली. ते तडक प्राचार्यांकडे गेले.

"सर, मैदानावरचा मुरूम काढायला पाहिजे."

"काढायचा? अहो, मुरूम टाकतात! काढलेला कधी ऐकलाय का? आणि तुमचा तक्ता अहवालात छापून गेलाय, तो काय खोटा म्हणायचा?"

शेवटी सरांनी वेल्डिंगवाल्याला आणून रिंगच फूटभर वर चढवली. त्या संध्याकाळी चैतालीनं शंभर चेंडू टाकले. अठरा पडले.

"पहिल्या वर्षी एकोणीस होते सर," ती म्हणाली. "तीन वर्षांत एक कमीच झाला." आणि तिथंच रडायला लागली. सरांनाही रडू येत होतं, पण गळ्यात शिट्टी असलेल्या माणसाला ते शोभत नाही.

मग ती सकाळ-संध्याकाळ चेंडू टाकत राहिली. चौदाव्या दिवशी आकडा साठावर आला. सरांनी तो वहीत लिहिला नाही. वहीवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता.

निवडीच्या सकाळी सर फाटकातून आत आले आणि जागीच थबकले. मैदान लालभडक, गुळगुळीत दिसत होतं. रुळावर हात ठेवून पिराजी हसत उभा होता.

"पिराजी! हे काय केलं?"

"पाव्हणे येणार न्हवं? प्राचार्य म्हणले, स्वागत झालं पायजे. काल तुमी गेल्याबरुबर दोन ट्रॉल्या टाकल्या."

आता सांगायचं कुणाला? निवड समितीच्या बाई केबिनमध्ये तक्ता बघत होत्या, आणि पोरींनी भरलेल्या जीपा फाटकात शिरत होत्या.

प्रत्येकीला दहा चेंडू होते. उमरग्याच्या पोरीचे चेंडू रिंगेवरून पलीकडे गेले. तुळजापूरची फळीवर आपटत राहिली. ज्यांनी लोहाऱ्याला धूळ चारली होती, त्या धाराशिवच्या पोरी एकमेकींची तोंडं बघू लागल्या. सरांना त्यांचंही वाईट वाटलं.

"वारं आहे का हो आज?" बाईंनी विचारलं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

चैतालीचं नाव पुकारलं गेलं. सरांनी डोळे मिटून घेतले. ती रेघेवर आली, बुटाच्या टोकानं जमीन उकरली आणि मागं वळून म्हणाली,

"पिराजीमामा, किती टाकला?"

"चार इंच, बाळा. दाबून."

तिनं मान हलवली. पहिला चेंडू रिंगेवर नाचून बाहेर पडला. उरलेल्या नवांपैकी आठ आत गेले.

"सर, अशी तयारी करून घेतली तरी कशी?" नाव लिहून घेत बाईंनी विचारलं.

सरांनी पिराजीच्या रुळाकडे बघितलं. चैताली त्यांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "तीन वर्षं रिंग खाली येत गेली सर, मग एकदम वर गेली. आता हात उचलायच्या आधी मी जमीनच बघते."

सरांचे डोळे भरून आले. तेवढ्यात प्राचार्यांनी माईक हातात घेतला. "हे सगळं आपल्या मैदानाच्या देखभालीचं फळ आहे! पुढच्या वर्षी चार ट्रॉल्या!"

पहिली टाळी पिराजीनं वाजवली. सरांनी खिशातला टेप चाचपला आणि वेल्डिंगवाल्याचं दुकान उघडलंय का, ते बघायला ते निघाले.