सहाव्या डेकवरची फॉरेन वस्तू

"कॅरिबियनला जायचं म्हणजे दीड दिवस नुसतं विमानात मुटकुळं करून बसायचं!" धम्मानंदने जाहीर करून टाकलं. "आणि इथं? सेंगकांगहून MRT मेट्रो पकडायची, उतरायचं, की समोर जहाज! समुद्र काय, तिकडचाही खारट आणि इकडचाही खारट!"

हे सगळं वरच्या मजल्यावरच्या निशिकांतमुळे झालं होतं. निशिकांत सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि बायकोपोरांना घेऊन थेट कॅरिबियनची क्रूझ करून आलेला. आल्या आल्या त्याने फोटो पाहायला बोलावलं आणि इतके फोटो दाखवले, की शेवटी शेवटी सोफ्यावर बसल्या बसल्या धम्मानंदला बोट लागायची वेळ आली. पण नऊ वर्षांच्या प्रणिताचे डोळे बशीएवढे झाले होते. अस्सल सिंगापुरी इंग्रजीत ती म्हणाली, "पप्पा, वी ऑल्सो गो, लाह!"

नागपूरहून आई-बाबा यायचेच होते. मग काय! सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत, अशी सहलच ठरली. धम्मानंद जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअर. त्यामुळे त्याच्या मते जहाजात त्याला नवीन असं काही नव्हतंच. "जहाज म्हणजे काय? तरंगता प्लांट! बघाच तुम्ही, या ट्रिपमध्ये एक गोष्ट इकडची तिकडे होणार नाही!"

त्याची बायको भावना हे ऐकून एवढंच म्हणाली, "माझी एकच अट. जहाजावर बाबांनी काही विचारायचं नाही आणि तुम्ही काही समजावून सांगायचं नाही."

अट अगदी वाजवी होती. धम्मानंदचे वडील शिवदास यांनी सारा जन्म उमरेडच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवलेला. वर्गात पोरांनी प्रश्न विचारले नाहीत, तर गुरुजी स्वतःच प्रश्न विचारायचे. रिटायर झाले आणि वर्ग सुटला, पण प्रश्न सुटले नाहीत. सेंगकांगच्या LRT च्या छोट्या गाडीला ड्रायव्हर नसतो हे कळल्यावर ते पहिल्या दिवशी सगळ्यात पुढच्या काचेला नाक लावून उभे राहिले. डब्यात जागा होती, पण बसले नाहीत. का? तर, "कोणीतरी पुढं पाहायला नको का?"

बाप प्रश्नांचा आणि मुलगा उत्तरांचा! असे दोघं एकत्र आले की भावना हातातलं काम सोडून दुसऱ्या खोलीत जायची. जहाजावर मात्र दुसरी खोली नव्हती. सहाव्या डेकवरची एकच केबिन, त्यात पाच माणसं आणि चार हत्ती.

हत्ती टॉवेलचे होते. केबिन आवरणारा माणूस टॉवेलांना अशा काही घड्या घालायचा, की सोंड, कान, सगळं जिथल्या तिथं! धम्मानंदची आई, हिराबाई, तर ते पाहून हरखूनच गेली. "अगं बाई, कसं करून ठेवलं पाहा! कोणी सोडायचे नाहीत हं हे!" आता तिने सोडायचे नाहीत म्हटल्यावर कोण सोडतो? सगळ्यांनी आंघोळ करून आपापल्या कालच्या कपड्यांनीच अंग पुसलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी किनारा दिसेनासा झाला, प्रणिता खिडकीला चिकटली, भावनाने पुस्तक उघडलं, आणि तेवढ्यात बाथरूमचं दार धाडकन उघडून शिवदास बाहेर आले. चेहऱ्यावर नवा ग्रह सापडल्याचा भाव!

"धम्मा! अरे, भांड्यात पाणीच नाही!"

"पाणी लागतच नाही, बाबा. व्हॅक्यूम असतो."

भावना खोकली. जोरात खोकली. पण धरण फुटलं होतं.

"व्हॅक्यूम? म्हणजे ओढून घेतं? कोण ओढतं? कुठून?"

"या, दाखवतो!"

त्या बाथरूममध्ये एक माणूस उभा राहिला तर त्याला वळायला दाराबाहेर यावं लागत होतं. तिथं हे दोघं घुसले. धम्मानंद भांड्यावर ओणवा होऊन शिकवायला लागला. इथं व्हॉल्व्ह, इथून पाइप, खाली टाकी, टाकीवर पंप! शिवदास त्याच्या खांद्यावरून मान घालून ऐकत होते. मग धम्मानंदने बटण दाबलं.

"फस्सऽऽक्!"

शिवदास दचकून मागे सरकले, त्यांचं डोकं आरशाला आपटलं आणि ते लहान पोरासारखे हसले. "पुन्हा कर!"

धम्मानंदने पुन्हा केलं. पुन्हा फस्सऽऽक्! बाहेर हिराबाई म्हणाली, "काय लावलं हे दोघांनी? लोकं काय म्हणतील, जेवणात काही गडबड होती काय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं, तर आवाजच नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. धम्मानंदने दार उघडून बाहेर पाहिलं, तर सगळ्या कॉरिडॉरमध्ये दारादारातून माणसं डोकावत होती, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव. जगात कुठल्याही जातीधर्माच्या, देशाच्या माणसाच्या चेहऱ्यावर तो भाव अगदी सारखाच दिसतो!

मग स्पीकरवर गोड आवाजात सूचना आली. सहाव्या डेकवरची लाइन तुंबली आहे, दुरुस्ती चालू आहे, प्रवाशांनी कृपया टॉयलेटमध्ये फॉरेन ऑब्जेक्ट टाकू नयेत.

हिराबाईला इंग्रजी येत नसलं तरी 'फॉरेन' कळायचं. ती घाबरली. "फॉरेनचं म्हणून राहिले. म्हणजे आपलंच काही असंल!"

"आई, फॉरेन म्हणजे बाहेरची वस्तू."

"मग आपण काय आतले आहोत का?"

वरच्या डेकवर स्विमिंग पूलजवळ दोन टॉयलेट चालू होती. तिथं ही लांब रांग! धम्मानंद रांगेत उभा राहिला, आणि पुढच्या माणसाने मागे वळून पाहिलं. मोठमोठ्या फुलांची अर्धी चड्डी, पायात रबरी चपला. पाहिल्यासारखा वाटतो, पण कुठं? आणि मग धम्मानंदने ओळखलं. हेल्मेट आणि गॉगलशिवाय त्याने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं! हे तर त्याच्या प्लांटचे सर्वेसर्वा, मिस्टर टे!

"यू ऑल्सो, आह?" मिस्टर टे म्हणाले.

सुट्टीवर निघायच्या आदल्याच आठवड्यात धम्मानंदने सेफ्टी मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखत दिली होती. ती घेतली होती मिस्टर टे यांनी, प्लांटमध्ये चालता चालता, हेल्मेट-गॉगल घालूनच. जागा मिळाली तर सिंगापूरच्या वर्क पासचं नूतनीकरण, प्रणिताची शाळा, सगळंच मार्गी लागणार होतं.

"सर, तुम्ही पण सहाव्या डेकवर?"

"युअर अपोझिट साइड. कोणीतरी इडियटने आत काहीतरी टाकलंय. सांग, कोण करतं असं?"

कोण करतं ते धम्मानंदला त्याच क्षणी कळलं. अख्ख्या जहाजावर त्या भोकाची चौकशी करणारा एकच माणूस होता!

तो तडक केबिनमध्ये आला. "टॉवेल मोजायचेत! हत्ती सोडा सगळे!"

"हातच लावून पाहा!" हिराबाई हत्तींच्या आड उभी राहिली.

पण आज तो आईचंही ऐकणार नव्हता. एकेक हत्ती सुटत गेला. सोंड सुटली की हिराबाई "बाप्पा रे!" म्हणायची. टॉवेल सगळे होते. मग प्रणिताची उलटतपासणी झाली. "आय नेव्हर डू एनिथिंग वन!" ती ओरडली आणि आजीच्या पदराआड गेली. राहिले शिवदास. ते पलंगाच्या कडेला बसून खिडकीबाहेर पाहत होते.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही आत काही टाकलं?"

शिवदासांनी खोटं बोलायचं म्हटलं असतं तरी त्यांना जमलं नसतं. "हळद," ते म्हणाले. "काल रात्री. चिमूटभर. हिराच्या डब्यातली. मला पाहायचं होतं, की भांड्याच्या कडेकडेनं जातं, का मधूनच ओढलं जातं."

"हळद! बाबा, अख्ख्या डेकचे संडास बंद पडलेत! माझा साहेब अर्ध्या चड्डीत रांगेत उभा आहे! तुम्हाला गप्प बसवत नाही का कधी? तुम्हाला इथं आणायलाच नको होतं!"

शिवदासांनी चपला घातल्या, टोपी डोक्यावर ठेवली आणि ते बाहेर निघून गेले.

"अहो, चिमूटभर हळदीनं पाइप तुंबतो?" भावनाने हळूच विचारलं. "तुम्ही इंजिनिअर ना?"

पण त्या वेळी धम्मानंद इंजिनिअर नव्हता, नुसता घाबरलेला नोकरदार होता. त्याने ठरवलं, साहेबांना दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपणच सांगून मोकळं व्हावं. दुपारी तो जेवणाच्या हॉलमध्ये गेला. मिस्टर टे कोपऱ्यातल्या टेबलावर नूडल्स खात होते. समोर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. धम्मानंदने तिकडे पाहिलंही नाही.

"सर, आय ॲम व्हेरी सॉरी. ते टॉयलेटचं... माझ्या वडिलांनी केलं. म्हातारं माणूस आहे, सर. फार चौकस. त्यांना कळत नाही कुठं थांबायचं."

मिस्टर टे यांची चॉपस्टिक हवेतच थांबली. पाठमोऱ्या माणसाने मान वळवली. डोक्यावर पांढरी टोपी!

"येस," शिवदास मिस्टर टे यांच्याकडे पाहून आपल्या स्वच्छ, शाळेतल्या इंग्रजीत म्हणाले, "आय हॅव पुट टर्मरिक. वन पिंच. प्लीज इन्फॉर्म द शिप."

धम्मानंदला वाटलं, या क्षणी जहाजाचा तळ फुटला तरी चालेल!

"युअर फादर?" मिस्टर टे म्हणाले. "ही इज माय फ्रेंड! तू गेल्यावर रांगेत हेच माझ्या मागे आले, आणि यांनीच मला समजावलं, विमानातल्या आणि जहाजातल्या टॉयलेटचं तत्त्व एकच असतं म्हणून. इतकी वर्षं विमानाने फिरतो, मला माहीतच नव्हतं!"

तेवढ्यात जहाजाचा एक इंजिनिअर टेबलाशी आला. मिस्टर टे यांनी सकाळपासून तक्रारींचा इतका पाठपुरावा केला होता, की लाइन मोकळी झाल्याचं तो आधी त्यांनाच सांगायला आला होता. त्याच्या हातात पारदर्शक पिशवी होती, तोंड घट्ट बांधलेली. "सर, वी फाउंड इट."

आत एक रुमाल होता. मुळातला निळा. त्यावर एका कोपऱ्यात हळदीचा पिवळा डाग होता आणि मधोमध ठसठशीत अक्षरं, 'सेफ्टी बिगिन्स विथ मी'.

हा रुमाल जगात फक्त एकाच प्लांटमध्ये वाटला गेला होता. मिस्टर टे यांनी सावकाश आपल्या चड्डीच्या खिशात हात घातला आणि एक निळा रुमाल काढून टेबलावर ठेवला. कोरडा. इस्त्रीचा.

मग सगळ्यांनी धम्मानंदकडे पाहिलं. धम्मानंदने छातीचा खिसा चाचपला. पँटचा चाचपला. काल संध्याकाळी, भांड्यावर ओणवं होऊन व्हॉल्व्ह समजावताना... पंप समजावताना... आणि बटण तर त्याने स्वतःच दाबलं होतं. दोनदा!

"धम्मा," मिस्टर टे म्हणाले, "प्लांटमध्ये इन्सिडेंट झाला, तर आपण आधी काय शोधतो? कारण, का माणूस?"

"कारण, सर."

"आणि तू काय शोधलंस?"

शिवदासच मध्ये पडले. "लेट इट बी, सर. ही इज गुड बॉय. ओन्ली लिटल हरी."

मिस्टर टे हसायला लागले. इंजिनिअरही हसला. मिस्टर टे यांनी त्याला विचारलं, खाली जाऊन ती टाकी पाहता येईल का? आम्हा दोघांना फार उत्सुकता आहे. इंजिनिअरने फोनवर कुणाशी तरी बोलून होकार दिला. जहाजाचं यंत्रघर! नोकरीला लागल्यापासून त्याला ते एकदा पाहायचं होतं. तो एक पाऊल पुढे सरकला.

"नॉट यू," मिस्टर टे म्हणाले. "यू गो अँड से सॉरी. टू होल कॉरिडॉर."

धम्मानंद दारोदार फिरला. एका म्हाताऱ्या चिनी आजीने तर त्याचं सगळं ऐकून घेतलं, केबिनमधून स्वतःचा रुमाल आणला, त्याच्या हातात दिला आणि दार लावलं. तो परत आला तेव्हा हिराबाई आणि प्रणिता जमिनीवर बसून टॉवेलाचा हत्ती करायचा प्रयत्न करत होत्या. हत्ती काही जमत नव्हता, डुक्कर मात्र झकास झालं होतं.

रात्री जेवणाच्या वेळी शिवदास आले. धम्मानंद उठून उभा राहिला.

"बाबा, चुकलं माझं. तसं बोलायला नको होतं."

"हो, नको होतं," शिवदास म्हणाले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बस."

तो बसला. पण किती वेळ गप्प बसणार? "बाबा... कसं होतं खाली? टाकी केवढी होती? पंप किती होते? एक बंद पडला तर दुसरा आपोआप चालू होतो का?"

भावनाने पुस्तकातून डोकं वर काढलं. हे तिने पहिल्यांदाच पाहिलं. मुलगा विचारतोय, बाप ऐकतोय!

शिवदासांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तो इंजिनिअर पोरगा फिलिपिन्सचा आहे. त्याला विचारलं, घरी कोण कोण असतं. तर म्हणे, मुलगी झाली, पण अजून पाहिली नाही. फोनवरच पाहिली. मग टे साहेबांनी त्यांच्या नातवाचा फोटो दाखवला, मी प्रणिताचा दाखवला. त्यातच वेळ गेला सगळा."

"आणि पंप?"

शिवदासांनी डोळे मिटून आठवून पाहिलं.

"होता ना," ते म्हणाले. "लय आवाज करून राहिला होता. त्याच्यामुळं नीट ऐकूच येत नव्हतं!"