प्रातिनिधिक छायाचित्र

"एका दुकानाला टाळं, अख्ख्या गल्लीला घाम!" एवढं टाइप करून मथळेबुवा खुर्चीत मागे रेलले. न्यूज पोर्टलच्या ऑफिसात त्यांना हे नाव पडलं होतं ते उगीच नव्हे. मूळ बातमी काय, तर तापाचे तीन रुग्ण वाढले, पाणी उकळून प्या. पण पाणी उकळण्यावर कोण क्लिक करतो?

"फोटो?" संपादकांनी विचारलं.

"ती मास्कवाली बाई आहे की."

"तीस वेळा वापरली. लोक आता तिची ख्यालीखुशाली विचारतात. ताजं काही टाका!"

मथळेबुवांनी मोबाइल चाळला. परवा ते दुपारी सायकलवरून मामाच्या सलूनवर गेले होते, तर मामा शटर ओढून आत घोरत होता. पुढे कधी चिडवायला म्हणून त्यांनी शटरचा फोटो काढला होता. पाटी दिसत नव्हती. बंद शटर म्हणजे बंद शटर, कोण ओळखतंय! त्यांनी तो बिनधास्त टाकला आणि खाली मुंगीलाही वाचता येणार नाही अशा अक्षरांत लिहिलं, 'प्रातिनिधिक छायाचित्र'.

आता त्या शटरवर मामाने हौसेने कात्री-कंगवा रंगवून घेतला होता, हे मथळेबुवा विसरले. गाव विसरलं नाही. गावाच्या लेखी संध्याकाळपर्यंत मामाला ताप आला होता, रात्री तो ॲडमिट झाला आणि सकाळी शटर उघडून मामा खुर्ची पुसायला लागला तेव्हा समोरचा इस्त्रीवाला किंचाळलाच. त्या दिवशी एकही गिऱ्हाईक आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"तू त्याच लाइनीतला ना रे?" मामाने फोन केला. "एवढं निस्तर बाबा. हातावर पोट आहे माझं."

आईवडिलांच्या मागे याच माणसाने मथळेबुवांना वाढवलं होतं. ते धावत संपादकांकडे गेले. "साहेब, खुलासा द्यायलाच हवा."

"द्या की. पण वाचला गेला पाहिजे हं."

वर्षानुवर्षांची सवय, जित्याची खोड! खुलाशाचा मथळा झाला, 'त्या सलूनमागचं सत्य ऐकून हादराल!' सत्य एवढंच होतं, की मालक दुपारी झोपतो. ते सातव्या परिच्छेदात होतं आणि तिथवर कुणी पोचलं नाही. लोक मथळ्यावरच हादरले. इस्त्रीवाल्याने तर आपलं टेबल चार दुकानं पलीकडे हलवलं.

आठवडा असाच गेला. शेवटी मथळेबुवा स्वतःच गिऱ्हाईक होऊन खुर्चीत बसले, निदान एक तरी डोकं रस्त्यावरून दिसावं म्हणून. मामा वाळला होता. त्याने साबण फासला. मथळेबुवांना स्वतःची इतकी लाज वाटली की समोरच्या आरशात बघवेना.

"मामा, ती बातमी..."

"बोलू नकोस. वस्तरा लागेल."

तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून रस्त्यापलीकडूनच ओरडलं, "अहो, तुमचा भाचा त्याच पोर्टलमध्ये आहे ना? घरचाच भेदी म्हणायचा!"

साबणाखाली मथळेबुवांचा चेहरा पांढराफटक पडला, पण तो कुणाला दिसला नाही.

"होता!" मामाने तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं. "असलं लिहायला लावतात म्हणून नोकरीवर लाथ मारली त्यानं. माझ्या हाताखाली वाढलेलं पोर आहे ते!"

गिऱ्हाईक मान डोलावत थोडं पुढे सरकलं. फार नाही, रस्त्याच्या मध्यापर्यंत.

"मामा," मथळेबुवा पुटपुटले, "मी अजून तिथंच आहे. आणि ती बातमी..."

"माहितीय. फोटोत शटरला टेकवलेली सायकल तुझीच आहे." मामाने वस्तरा टॉवेलला पुसला. "पण आता चारचौघांत बोलून बसलोय. मला खोटं पाडू नकोस. हं, दुसरा गाल कर इकडे."