उतार पाहून थांबणारे गुलाबराव

गुलाबराव गाडी बंद करायच्या आधी खाली उतरत आणि बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतत. इंजिन चालूच असे. पाणी ज्या बाजूला वाहील तिकडे तोंड करून गाडी उभी करायची आणि मगच चावी फिरवून बंद करायची. पाणी जागेवरच थबकलं तर ते तिथे थांबतच नसत. मग त्या घरी जेवायचं आमंत्रण असो, नाहीतर कुणाची तब्येत विचारायला आलेले असोत.

धाड गावात आमचं घर त्यांच्या शेजारी आहे. गुलाबराव जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची जुनी पांढरी अँबेसिडर चावीने सुरू होत नसे. चावी स्टेअरिंगच्या दांड्यावर, तिच्या मागे स्विच, आणि तो स्विच मेलेला. चावी फिरवली की काचेसमोरचा लाल दिवा लागायचा, पण स्टार्टर हूं की चूं करायचा नाही. म्हणून गाडी उतारावर सोडायची, दुसरा गियर टाकायचा आणि क्लच सोडायचा. एक हिसका बसून इंजिन जागं व्हायचं. चार वर्षं हे चाललं होतं.

"जमीन वाचता आली पाहिजे मास्तर," हे त्यांचं मला ऐकवायचं आवडतं वाक्य. "सरकारनं रस्ते सपाट करून माणसाची अक्कल घालवली."

धाड ते बुलढाणा या रस्त्यावरचा प्रत्येक उतार त्यांना तोंडपाठ होता. लग्नाची पत्रिका आली की मुहूर्ताच्या आधी ते मंगल कार्यालयाचा पत्ता वाचत. कार्यालय सपाटीवर असलं तर नवऱ्या मुलाला फोनवरच आशीर्वाद मिळे. सख्ख्या पुतणीच्या साखरपुड्याला ते गेले नाहीत आणि खाली आडगल्लीतल्या एका लांबच्या ओळखीच्या माणसाच्या बारशाला दोनदा जेवून आले, कारण तिथला उतार फार सुरेख होता. कधी अंदाज चुकला की गाडी ढकलावी लागे. बाजाराच्या दिवशी भाजीवाले गुलाबराव येताना दिसले की तराजू जरा घाईने चालवत, म्हणजे गाडी ढकलायला कुणी बोलावणार नाही.

रफिक मिस्तरीचं गॅरेज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तो दर भेटीत म्हणे, काका, तासाभराचं काम आहे, स्विच बदलून टाकू. गुलाबराव विषय बदलत. आम्हाला वाटायचं, म्हातारा चिकट आहे. पण चिकट म्हणावं तर दिवाळीला त्यांनी गाडीला नवे टायर घातले होते. मग वाटायचं, हट्टी आहे. तेवढ्यावर आम्ही सोडून दिलं होतं.

या वर्षी मलकापूरला एका लग्नाला ते आम्हा नवराबायकोला गाडीतून घेऊन गेले. कार्यालय उतारावर होतं, त्यामुळे गुलाबराव खुशीत होते. परतताना दुपारी राजूरच्या घाटात गाडी चढाला लागली आणि एका वळणावर इंजिन एकदम गप्प झालं. लाल दिवाही गेला. स्विचनं उरलासुरला प्राण सोडला होता. गुलाबरावांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, तरी गाडी इंच इंच मागे सरकायला लागली. उतार होता, पण या वेळी तो आमच्या पाठीमागे होता. त्याच्या टोकाला कठडा, आणि कठड्यापलीकडे फक्त झाडांचे शेंडे.

मी दाराची कडी शोधत राहिलो. माझी बायको सुनंदा मात्र केव्हाच उतरली होती. तिने रस्त्याकडेचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. गाडी थांबली. लग्नाची पैठणी मातीने भरली होती. गुलाबराव स्टेअरिंग घट्ट धरून बसले होते. बोटं सोडवायला त्यांना वेळ लागला.

मागून आलेल्या ट्रकवाल्याने दोर बांधून आम्हाला घाटमाथ्यावर आणून सोडलं. तिथे चावी दाबून धरली की लाल दिवा लागतो, हे लक्षात आलं. बोट काढलं की गेला. मग गुलाबरावांनी उतार गाठून गाडी सुरू केली आणि सुनंदा पुढच्या सीटवर बसून, दोन बोटांनी चावी दाबून धरत धाडपर्यंत आली. घरासमोर उतरल्यावर तिने चावी काढून आपल्या पर्समध्ये टाकली आणि सांगितलं की उद्या सकाळी रफिकला बोलावते आहे, नवा स्विच बसल्याशिवाय चावी मिळणार नाही.

"ताई, तेवढं नका करू," गुलाबराव म्हणाले.

"काऊन नको?" सुनंदा रागात असली की माहेरचं वऱ्हाडी बोलते. "आज तिघं वर गेलो असतो."

गुलाबराव ओट्यावर बसले. बराच वेळ चपलेने माती उकरत राहिले आणि मग हळूहळू सांगायला लागले.

रोहिणखेडला नोकरीला असताना ही गाडी त्यांनी एकट्याने घेतली नव्हती. याकूबभाई म्हणून तिथले शिंपी, त्यांच्यासोबत भागीत घेतली होती. पंधरा दिवस यांच्याकडे, पंधरा दिवस त्यांच्याकडे. चाव्या दोन, एकेकाकडे एक. गुलाबराव निवृत्त होऊन धाडला आले तरी तोच नेम चालू होता. मग काचबिंदूने याकूबभाईंची नजर गेली. शेवटच्या वेळी गाडी देताना ते म्हणाले होते, डोळे सुधरले की माझ्या पाळीला येतो. चावी त्यांनी परत दिली नाही, यांनी मागितली नाही.

"डोळे काही सुधरत नसतात, मले समजते ते," गुलाबराव म्हणाले. "पण नवा स्विच म्हणजे नवं कुलूप, नवी चावी. मंग त्याच्या खिशातली चावी कोणत्याच गाडीची राह्यत नाही. मी त्याले कोणत्या तोंडानं सांगू?"

सुनंदा घरात गेली आणि पाणी घेऊन आली.

सकाळी रफिक आला तेव्हा गुलाबरावांनी चार वर्षांत पहिल्यांदा त्याला खरं कारण सांगितलं. रफिकने हातातला पाना खाली ठेवला.

"काका, चावीचं कुलूप वेगळं अन् स्विच वेगळा. कुलूप ठणठणीत आहे. मेला तो त्याच्या मागचा डबा. मी फक्त डबा बदलतो. चावी तीच राहते."

"तीच?"

"दोन्ही त्याच. हे विचारायले चार वर्षं लावले तुम्ही?"

रफिकने बॅटरीची तार सोडली, स्टेअरिंगच्या दांड्यावरचं झाकण काढलं आणि कुलपाच्या मागून बोटभर लांबीचा काळा डबा बाहेर ओढला. आतली पितळी टोकं जळून गेली होती. वायरी रंगाप्रमाणे नव्या डब्याला लागल्या. सुनंदाने पर्समधून चावी काढून दिली. गुलाबरावांनी ती फिरवली आणि अंगणातल्या सपाट फरशीवर गाडी सुरू झाली. त्यांनी ती बंद केली. पुन्हा सुरू केली. असं सात-आठ वेळा झाल्यावर रफिकच म्हणाला की बस करा, बॅटरी बसेल. गुलाबराव हसले, आणि उपरण्याने तोंड पुसायच्या निमित्ताने बराच वेळ तोंड झाकून बसले.

रविवारी आम्ही रोहिणखेडला गेलो. याकूबभाई दारात खुर्ची टाकून बसले होते. गाडी गल्लीत शिरताच ते उठून उभे राहिले. गुलाबरावांनी त्यांना हाताला धरून आणलं, स्टेअरिंगमागे बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. याकूबभाईंनी बंडीच्या आतल्या खिशातून चावी काढली. दांड्यावरून बोटं फिरवत त्यांनी कुलूप शोधलं. चावी लागली, इंजिन सुरू झालं. गियर न्यूट्रलवर होता. गाडी जागची हलणार नव्हती.

मग गुलाबराव रस्ता सांगायला लागले. फाटा आला, डावीकडे घे. बकऱ्या आहेत, हॉर्न दे. याकूबभाई हॉर्न देत होते, स्टेअरिंग जरा जरा वळवत होते, चेहरा समोर ताठ. गल्लीतली माणसं येऊन उभी राहिली, पण कोणी हसलं नाही. सुनंदाने माझा हात धरला होता.

बऱ्याच वेळाने याकूबभाईंनी विचारलं, "कुठं पोचलो बे?"

"मलकापूर आलं."

"मंग थांबव आता. थकलो."

"तूच थांबव," गुलाबराव म्हणाले. "चावी तुह्या हातात आहे."