पिवळी कमान मतदारसंघातील मराठी मतांचा संक्षिप्त इतिहास

मतदान हा नागरिकाचा पवित्र हक्क आहे, आणि पवित्र वस्तूला उठसूट हात लावू नये असं आपल्याकडे लहानपणापासून शिकवलं जातं. हैदराबादेतल्या पिवळी कमान विधानसभा मतदारसंघातल्या मराठी समाजाने हे पावित्र्य पिढ्यानपिढ्या जपलेलं आहे. येथील मराठी मंडळाचा चिटणीस या नात्याने मी, नामदेवराव, या मतदारसंघाचा निवडणूक-इतिहास पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवत आहे. (पुढच्या पिढीला मराठी वाचता येत नाही. माझी नात पिंकी म्हणाली, 'आजोबा, मोबाईल वाचून दाखवतो ना, लाइट घ्या,' म्हणजे मनावर घेऊ नका.)

मतदारसंघ अफझलगंजच्या अलीकडे आणि जामबागच्या पलीकडे कुठेतरी येतो. 'कुठेतरी' म्हणण्याचं कारण असं की त्याच्या सीमा सरकारने वेळोवेळी बदलल्या. एका फेररचनेत तर आमच्या शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर या मतदारसंघात आणि मोरी पलीकडच्या मतदारसंघात गेली होती, अशी आठवण जुनी माणसं सांगतात. बदललेला नाही तो मधला नाला. नाल्याच्या अलीकडे आमची गल्ली. इथे नांदेड, उदगीर, बिलोलीकडून आलेली मराठी कुटुंबं राहतात. कोणी नोकरदार, कोणी दुकानदार, बरेचसे पेन्शनर. पलीकडे बस्ती. तिथे गवंडी, रिक्षावाले, शिंपी राहतात, आणि नाक्यावर भाग्यलक्ष्मी नावाच्या बाईंची इडलीची बंडी, म्हणजे हातगाडी, लागते.

पावसाळ्यात नाला भरतो आणि दोन्हीकडच्या तळमजल्यांत शिरतो. मंडळाचं कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे आणि मी दुसऱ्यावर राहतो. त्यामुळे या प्रश्नाकडे मंडळाने नेहमीच योग्य उंचीवरून पाहिलेलं आहे. नाल्याला संरक्षक भिंत हवी, ही मागणी आम्ही प्रत्येक निवडणुकीत करतो, आणि ती दर वेळी टाळ्यांच्या कडकडाटात मान्य होते.

आता मराठी मतांविषयी. ही मतं बारा हजार आहेत. हा आकडा आमचे अध्यक्ष प्रतापराव यांनी पूर्वी एकदा चहा पिताना एका उमेदवाराला सांगितला. तो उमेदवाराने भाषणात वापरला, भाषणातून तो वर्तमानपत्रात गेला, आणि वर्तमानपत्रात वाचून प्रतापरावांचाही त्यावर विश्वास बसला. या बारा हजारांत दिवंगत सभासद, पुण्याला स्थायिक झालेले सभासद, आणि 'आम्ही मराठी नाही पण तुमची ज्वारीची भाकरी लय आवडते' म्हणणारे समोरचे डॉक्टर धरलेले आहेत.

निवडणूक लागली की मंडळ सर्व प्रमुख उमेदवारांचा सत्कार करतं. सत्ताधाऱ्यांचा सोमवारी, विरोधकांचा मंगळवारी, बंडखोराचा बुधवारी. (एक गृहस्थ लागोपाठच्या निवडणुकांत या तिन्ही वारी आले. त्यांच्या स्वागताचं भाषण बदलावं लागलं नाही.) प्रत्येकाला शाल-नारळ दिला जातो, आणि बारा हजार मतं एकगठ्ठा तुमचीच, असा शब्द दिला जातो. शाल एकच आहे. पुढारी माणूस शाल खांद्यावर घेतो, फोटो झाला की काढून खुर्चीच्या पाठीवर टाकतो आणि पुढच्या सभेला पळतो. मग आम्ही तिची घडी घालून ठेवतो. तिच्यावर आजवर दोन मंत्री आणि एक महापौर होऊन गेले आहेत.

आता कोणी शहाणा विचारील की तीच मतं तिघांना कशी देता? याचं उत्तर मंडळाने फार पूर्वी शोधलं आहे. एकाला मत दिलं तर बाकी दोघांना दिलेला शब्द मोडतो. कोणालाच दिलं नाही तर कोणावरही अन्याय होत नाही. तेव्हा मतदान न करणं हाच शब्द पाळण्याचा एकमेव प्रामाणिक मार्ग उरतो, आणि आमचा समाज त्या मार्गाने आपणहून, कोणी न सांगता, चालत आलेला आहे. उमेदवार आम्हाला भिंत देतो तशीच आम्ही त्याला मतं देतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हिशेब चोख राहिला.

या सुरळीत व्यवस्थेत एकच अडचण होती. तिचं नाव विमलाबाई.

विमलाबाई रेल्वेच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. तारनाक्याला ड्युटी करून निवृत्त झाल्या आणि आमच्या गल्लीत नाल्याला अगदी लागून, तळमजल्यावर राहतात. राहत होत्या. नवऱ्याने स्वतः उभं राहून बांधून घेतलेल्या दोन खोल्या. वडील नांदेडकडून आलेले. प्रत्येक मतदानाला त्या पांढरी साडी नेसून सकाळी सकाळी केंद्रावर जात. 'बाबासाहेबांनी मिळवून दिलेलं मत आहे. ते वाया घालवायचं म्हणजे ताटातलं अन्न टाकणं,' असं म्हणत. त्यांच्या या वागण्याने मंडळाच्या शब्दाला बाधा येत होती, पण आम्ही मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं. (मंडळात जातपात पाळली जात नाही. विमलाबाईंसाठी कार्यकारिणीत जागा कधी रिकामी झाली नाही, एवढंच.)

त्यांचा नातू प्रबुद्ध गच्चीबावलीकडे कंपनीत आहे. गेल्या निवडणुकीच्या आधीच्या पावसाळ्यात त्यांच्या घरात पलंगापर्यंत पाणी आलं. बाबासाहेबांची तसबीर, नवऱ्याचा फोटो आणि तांदळाचा डबा घेऊन त्या स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून राहिल्या. प्रबुद्ध आला तो चिडूनच.

'आजी, आता बस्स. चल माझ्याकडे. सातवा मजला आहे. पाणी आलंच तर नळातून येईल.'

'हे घर तुझ्या आजोबांनी बांधलंय रे.'

'आजोबांनी बांधलं, नाला सोडंना. तू आणखी किती दिवस ओट्यावर बसणार?'

तेव्हा विमलाबाईंनी त्याला शब्द दिला: या निवडणुकीनंतर भिंत आली नाही, तर हे घर सोडीन. हे संभाषण मी वरून, गॅलरीतून ऐकलं. घर सोडीन म्हणताना त्यांनी दाराबाहेर घराच्या भिंतीवर हात ठेवला होता, आणि तिचा ओला गिलावा त्यांच्या हाताला लागला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरोघर फिरायला सुरुवात केली. या वेळी सगळ्यांनी मत द्या, म्हणजे भिंत होईल, असं त्यांचं साधं गणित होतं. गल्लीने त्यांचं मनापासून स्वागत केलं. ज्या घरांत त्यांना पूर्वी चहा मिळाला नव्हता तिथेही या वेळी मिळाला. हिम्मतराव हे आमचे ज्येष्ठ सभासद, धान्याचे व्यापारी. ते म्हणाले, 'आमची नावं गावाकडंच आहेत, उदगीरला.'

'मग तिकडं जाऊन देता का?'

'तिकडं कसं देणार, विमलाबाई? आम्ही इथं राहतो ना!'

'मग इथं नाव घाला.'

'इथं कसं घालणार? गावाकडचं कटलं, तर गावाशी संबंधच तुटंल की.'

हा आमच्या समाजाचा खास गुण आहे. दोन्ही ठिकाणी मुळं असलेला माणूस दोन्हीकडे सावली मागतो आणि पाणी कुठेच घालत नाही. विमलाबाईंनी हिम्मतरावांशी वाद घातला नाही. सरळ त्यांना बरोबर घेऊन गेल्या आणि नाव नोंदवून आणलं. अशी त्यांनी गल्लीतली जवळजवळ सगळी घरं नोंदवली. एवढंच नव्हे, मतदानाच्या दोन दिवस आधी मंडळाच्या सभागृहात सर्वांकडून हात पुढे करून मतदानाची शपथ घेववली. शपथेचा व्हिडिओ झाला. मंडळाचे कार्यक्रम बसवणाऱ्या सुलभाताईंनी त्याला मागून तुतारीचं संगीत लावलं, आणि तो पार लंडनच्या नातेवाइकांपर्यंत पोचला.

मतदान गुरुवारी आलं. ही निवडणूक आयोगाची चूक नसून नियतीची योजना असावी. गुरुवारी सरकारी सुट्टी, शनिवार-रविवार आपलेच, मध्ये शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस. बुधवारी संध्याकाळी गल्लीतून गाड्या निघाल्या. काही तुळजापूरला, काही श्रीशैलमला, काही गोव्याला. हिम्मतराव उदगीरला गेले, गावाशी संबंध तुटू नये म्हणून. मी मात्र घरीच होतो. चिटणीस असल्याने मला तिघांनाही दिलेला शब्द पाळायचा होता.

त्या सकाळी गॅलरीतून पाहिलं. पलीकडे भाग्यलक्ष्मीने बंडी लावलीच नव्हती. ती दारं ठोठावत फिरत होती. 'लेवंडी, लेवंडी!' म्हणजे तेलुगूत उठा, उठा. 'वोट डाले बगैर इडली नक्को पूछो!' बस्तीतली रांग नाक्यापासून वळून मशिदीपर्यंत गेली होती. पोरं कडेवर, म्हातारे खुर्चीत. अलीकडे आमच्या केंद्राच्या रस्त्यावर पांढऱ्या साडीतल्या विमलाबाई एकट्या चालल्या होत्या. कोपऱ्यावर त्या थांबल्या, मागे वळून गल्लीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग गेल्या. मला त्यांची दया आली असं लिहायला हवं, पण खरं म्हणजे राग आला. एकट्याने शब्द पाळणारा माणूस बाकीच्यांना उगाच उघडं पाडतो.

निकाल लागला. मंडळाने विजयी आमदारांचा सत्कार केला (वार कोणताही असो, आमचा शब्द त्यांनाही दिलेला होताच). त्याच कार्यक्रमात प्रतापरावांच्या सूचनेवरून विमलाबाईंना 'आदर्श मतदार' म्हणून गौरवण्यात आलं. आमदारांनी भिंत मंजूर झाल्याचं जाहीर केलं. कडकडाट झाला. विमलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कार्यक्रम संपल्यावर एक अनपेक्षित गोष्ट घडली: त्या शाल घेऊन घरी गेल्या. मंडळाच्या इतिहासात असं कोणी केलेलं नव्हतं. मागायची कशी, यावर कार्यकारिणीची बैठक झाली आणि ठराव न होता संपली.

भिंत खरोखरच आली. चांगली उंच, काँक्रीटची, वर निळा रंग. ती नाल्याच्या पलीकडे बांधली गेली.

विमलाबाई आमदारांना भेटायला गेल्या. मंडळाचा प्रतिनिधी म्हणून मीही मागे उभा होतो. आमदार रागावले नाहीत, उलट खुर्ची दिली.

'अम्मा, उधर की लाइन देखे आप? सुबह से शाम तक टूटी नै. इधर मेरा एजेंट बैठे बैठे सो गया. दीवार एकीच आई थी. मैं किधर डालूँ, आपीच बोलो.'

'मी आले होते,' विमलाबाई म्हणाल्या.

'हौ, आप आए थे. एजेंट बोला, सफेद साड़ी वाली एक अम्मा आई करके. आपके वास्ते मैं एक ऊँचा पलंग भेजता, अम्मा. चीज़ां ऊपर रखने कू.'

पलंग आला. (दिलेला शब्द आमदारांनी पाळल्याची ही मतदारसंघाच्या इतिहासातली पहिली नोंद.) पुढच्या पावसाळ्यात पाणीही आलं. पलीकडे जायला आता भिंत आडवी होती, म्हणून पलीकडच्या वाटणीचं पाणीसुद्धा आमच्याच गल्लीकडे वळलं. ते उंच पलंगाच्या वर गेलं. सकाळी प्रबुद्ध गाडी घेऊन आला. विमलाबाईंनी तसबीर काखेत घेतली, कुलूप लावलं आणि त्याला म्हणाल्या, 'घर सोडीन म्हटलं होतं. सोडलं. तुझ्याकडं येईन असं म्हटलं नव्हतं.'

त्या चालत पूल ओलांडून पलीकडे गेल्या. भाग्यलक्ष्मीच्या शेजारची खोली त्यांनी भाड्याने आधीच ठरवून ठेवली होती. महिनाभरात मतदार यादीतलं नावही तिकडे हलवलं.

आमच्या गल्लीत आता मतभेद उरलेला नाही. मंडळाच्या आकड्यावरही परिणाम झाला नाही. बारा हजारांतून एक वजा केला तरी बारा हजारच सांगायला बरे पडतात. नवी निवडणूक जाहीर झाली आहे. पहिला सत्कार सोमवारी आहे, पण शाल नाही. मला गॅलरीतून ती दिसते. पलीकडच्या निळ्या भिंतीवर वाळत घातलेली असते.

परवा त्या ती काढायला आल्या तेव्हा आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाणी होतं.

'नामदेवराव!' त्यांनी तिकडून हाक मारली. 'कुठवर आलं?'

'मी दुसऱ्या मजल्यावर आहे. काळजी नसावी.'

'मतदान कधी आहे, ठाऊक आहे का?'

'गुरुवारी,' मी म्हणालो.

त्यांनी शालीची घडी घातली आणि आत गेल्या.

वाचकहो, इथवर येता येता तुम्ही आम्हाला बऱ्यापैकी हसलात, हे मला मान्य आहे. मात्र मतदान गुरुवारी आहे हे वाचल्याबरोबर तुमची नजर भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे गेली, तेही मी पाहिलं. शुक्रवारची रजा वेळेवर टाका. आमची गाडी बुधवारी संध्याकाळी निघते, आणि विमलाबाई गेल्यापासून गल्लीत एक माणूस कमी आहे. खिडकीजवळची जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे.